सारेतला जेवायला बोलवा

पितरांच्या पंधरवड्यात देवळात वाचायची घराण्यातल्या मेलेल्यांची यादी सारेतच्या आईनं या वर्षी गुरुवारीच लिहून ठेवली. दर वर्षी यादीत सतरा नावं असत. या वर्षी अठरा होती. अठरावं नाव सारेतचं होतं.

सारेत जिवंत होती. त्या वेळी ती ओट्याशी उभी राहून अन्सोमसाठी, म्हणजे पानात उकडायच्या चिकट भाताच्या वळ्यांसाठी, केळीची पानं पुसत होती आणि तिच्या अंदाजानं तिची तब्येत ठीक होती.

"माक, हे काय लिहिलंयस?" तिनं आईला विचारलं.

"डोळे आहेत ना? वाच."

"कोंग सारेत. वय अकरा."

"मग बरोबर आहे," आई म्हणाली. चिकट तांदळाच्या थरावर तिनं डुकराच्या मांसाची पट्टी आडवी ठेवली आणि पानाची गुंडाळी वळायला घेतली. "अकराच होतं."

या घरात सारेत दोन होते. ही गोष्ट जगात आता फक्त या दोघींना ठाऊक होती, आणि दोघीही तिच्याबद्दल एकमेकींशी बोलत नसत.

पहिला सारेत म्हणजे आईचा थोरला मुलगा. कंबोडियात पोल पोटचा काळ संपल्यावर आई त्याला घेऊन चालत चालत थायलंडच्या हद्दीवरच्या छावणीत पोचली. नवरा आधीच गेला होता. धाकट्या मुलीला, चान्थूला, पोरांच्या कामाच्या तुकडीत नेलं होतं आणि तीही मेली असं लोकांनी सांगितलं होतं. त्या काळात असं सांगणारे सहसा चुकत नसत. अमेरिकेत आधी पोचलेल्या दिरानं (आता तोही यादीत होता) कागद भरला: भावजय छेम, पुतण्या सारेत, वय अकरा. कागद हलला, शिक्के बसले. मग दोन गोष्टी झाल्या. मेलेली चान्थू कुणाचं तरी बोट धरून छावणीत येऊन थडकली. आणि मुलाखतीला अकरा दिवस उरले असताना सारेत तापानं गेला.

छावणीत मेलेलं माणूस लगेच कळवायची पद्धत नव्हती. कळवलं की त्याच्या वाटणीचा तांदूळ बंद होई. शिवाय नवं नाव घालायचं तर कागद पुन्हा पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून म्हणजे किती वर्षं, हे छावणीत कुणालाच माहीत नव्हतं. कागदावर एका पोराची जागा होती. एक पोर शिल्लक होतं. आईनं दोन्ही जुळवलं. उवांपायी चान्थूचं डोकं भादरलेलंच होतं, आणि उपाशी पोरांचं वय बघून कुणाला सांगता येत नसे. सारेत हे नाव आमच्यात मुलाचंही असतं आणि मुलीचंही.

मुलाखत घेणाऱ्या गोऱ्या बाईंनी पोराला नाव लिहून दाखवायला सांगितलं. चान्थूनं शाळा पाहिली नव्हती. पण भावानं तिला धुळीत काठीनं एक शब्द लिहायला शिकवलं होतं. त्यालाही तेवढाच येत होता, बापानं चोरून शिकवलेला: स्वतःचं नाव. तिनं तो झरझर लिहिला. बाई खूश झाल्या. "गोड मुलगा आहे," म्हणाल्या.

पुढे कागदावरचा मुलगा खोडून मुलगी करायला सहा वर्षं लागली. चूक आपल्याच कारकुनाची असणार असं धरून सरकारनं दिलगिरीचं पत्र पाठवलं. आईनं त्याला चौकट करून ते बुद्धाच्या तसबिरीखाली टांगलं. लाँग बीचमधल्या आमच्या समाजात सरकारनं माफी मागितलेलं ते एकमेव घर असावं.

आणि तेव्हापासून आईनं मुलीला कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती. छावणीतल्या एका दुपारी तिनं पोरीला दोनदा मुस्काटात मारून शिकवलं होतं: चान्थू म्हणून कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. पोर हुशार निघाली, तिसरी मारावी लागली नाही. मग आईनं स्वतःच्या जिभेलाही तेच शिकवलं. बेचाळीस वर्षांत चान्थू हे नाव तिच्या तोंडून निसटलं नव्हतं. सारेत हे नाव ती मुलीला लावत नसे, कारण ते दुसऱ्याचं होतं. ती म्हणे, "ए पोरी." पोरगी आता कागदावर त्रेपन्न वर्षांची होती, आतून पन्नास.

"तो आला होता मागच्या आठवड्यात," आई म्हणाली.

"कुठे?"

"इथंच. फ्रिजपाशी उभा होता. तोंड सुईच्या नेढ्याएवढं झालंय त्याचं. म्हणाला, माक, सात देवळं फिरलो, कुणीच हाक मारत नाही."

"आपण दर वर्षी त्याच्यासाठी भाताचा एक पिंड जास्तीचा टाकतो की."

"बिननावाचा. बिननावाचा पिंड कुणीही उचलतं. केवढाले धटिंगण उभे असतात तिथं पुढं. तो अकरा वर्षांचा आहे गं."

सारेतनं पुसलेलं पान पुन्हा पुसलं. "माक, ते नाव माझं आहे."

"तुझं कुठलं? तू वापरतेस."

"मग माझं कुठलं?"

"ते फाटलेलं पान बाजूला ठेव," आई म्हणाली. "मांस बाहेर येतं."

सारेतनं मग व्यवहाराचं बोलून पाहिलं. देवळात नावं वाचायचं काम गेली अकरा वर्षं तिच्याकडेच होतं. तिचा आवाज स्वच्छ होता आणि कुणाचंही गिचमिड अक्षर तिला लागत असे. "पाचशे माणसांपुढे मी स्वतःला मेलेल्यांत वाचू?"

"तूच वाचत असलीस तर बरं. नीट वाचशील."

"आणि लोकांनी विचारलं तर? रेडिओवर वकील सांगत होता, खोटं सांगून मिळवलेलं नागरिकत्व परत काढून घेतात."

"घेऊ देत. ब्याऐंशीव्या वर्षी मी ते कुठं घालून मिरवू?"

"माझं घेतील गं!"

आईनं गुंडाळीला दोरी बांधली आणि दातांनी तोडली. "डॉक्टर म्हणाला, झडप गेलीय. म्हणजे मी जाणार. तिथं गेल्यावर तो मला विचारणार, पोरी. तुला नाही."

यादी गुपचूप फाडून टाकायचा विचार सारेतनं केला नाही असं नाही. पण आई पुढची होती. यादीची दुसरी प्रत सकाळीच लाल पाकिटात घालून तिनं देवळाच्या समितीच्या मिंग पोवकडे दिली होती. पाकिटांच्या गठ्ठ्यावर एकदा भिक्षूंनी पाणी शिंपडलं की त्यातलं पाकीट काढता येत नाही, आणि पाकिटातलं नाव गाळता येत नाही. पितर दाराशी येऊन उभा आणि त्याला हाक गेली नाही, तर वाचणाऱ्याच्या सात पिढ्या शापाच्या धनी. आणि जिवंत माणसाचं नाव तर चुकूनही वाचायचं नाही. तेरा वर्षांपूर्वी कुणीतरी मोडेस्टोच्या आपल्या धडधाकट काकाचं नाव यादीत घातलं होतं. काकाला पंधरा दिवसांत न्यूमोनिया झाला. तो बरा झाला, पण अजूनही दर नववर्षाला फोन करून देवळावर खटला भरायची धमकी देतो.

म्हणजे वाचलं तर एक पाप, गाळलं तर दुसरं. सारेतला हे नवीन नव्हतं. तिचं अनाहाईम रस्त्यावर नोटरीचं दुकान होतं. समोर उभा असलेला माणूस तोच आहे याची मी खात्री करून घेतली आहे, असं ती दिवसातून वीस वेळा लिहून देई आणि खाली सही ठोकी: कोंग सारेत. तिच्या शिक्क्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

शुक्रवारी दुपारी मेलडी दुकानात आली. मेलडी सारेतची मुलगी, वय बावीस. बाप फिनिक्सला दुसरा संसार मांडून बसलेला, त्यामुळे कुटुंबाचा इतिहास तिला आईच्या बाजूनंच मिळणार होता, आणि विद्यापीठानं तिला तो गोळा करायला सांगितला होता. 'पिढ्यापिढ्यांचं मौन' असा विषय होता. मौन आठ हजार शब्दांत लिहून द्यायचं होतं.

"मम्मी, येयनं मला बोलून दिलंय," ती म्हणाली. आजीला ती येय म्हणे. "चाळीस मिनिटं! मला अर्ध्याच्या अर्धंपण कळलं नाही. तू सांग, मी लिहिते."

मेलडीला आमची भाषा जेवण्यापुरती आणि ओरडा खाण्यापुरती येत होती. तिनं फोन टेबलावर शिक्क्याशेजारी ठेवला आणि बोट लावलं.

आईचा आवाज आला. घरात बोलताना असे तसा नव्हता. यंत्राशी बोलायचं म्हणून आईनं तो नीट विंचरून आणल्यासारखा वाटत होता. *पोरगा चिंचेखाली गेला. ऊन उतरत होतं. माझ्याकडे कापड नव्हतं. गोणपाट होतं, त्यात त्याला गुंडाळलं.*

मेलडीनं फोन थांबवला. "काय म्हणाली?"

"म्हणाली, ऊन उतरलं की आम्ही चिंचेखाली बसायचो."

"पण इथं ती रडतेय."

"तिला चिंचा फार आवडायच्या."

मेलडीनं लिहिलं. पुन्हा बोट लावलं. *मग पोरीला हलवून उठवलं. म्हटलं, आजपासून तू तो. तो म्हणून चालायचं, तो म्हणून ओ द्यायची.*

"मग मला उठवून तिनं जेवायला घातलं."

"काय?"

"काय म्हणजे?"

"जेवायला काय घातलं? मॅडम म्हणाल्यात, बारीकसारीक तपशील महत्त्वाचे."

"पेज," सारेत म्हणाली. "मीठ घालून."

*पोरगी म्हणाली, मग मी परत मी कधी होणार? मी म्हटलं, विमान उतरलं की.*

सारेतचा हात शिक्क्यावर होता. तो तिथंच राहिला. हे ती विसरली होती. मुस्काटात बसलेल्या दोन तिला आठवत होत्या, कुठल्या गालावर तेही आठवत होतं, पण हे विचारल्याचं आणि त्याला उत्तर मिळाल्याचं साफ विसरली होती. विमान उतरलं होतं. नोव्हेंबर महिना होता, विमानतळाच्या दारात कुणीतरी तिला नारिंगी रंगाची टोपी घातली होती. ती टोपी घालून ती आईच्या तोंडाकडे बघत उभी होती. कशाची वाट बघत होती, ते आता कळलं.

"मम्मी? काय म्हणाली येय?"

"म्हणाली, विमानातलं जेवण बरं होतं."

मेलडी लिहून झाल्यावर पेन चावत म्हणाली, "खरं सांगू? आपल्या घराण्याचा इतिहास म्हणजे नुसतं खाणंच दिसतंय."

त्या संध्याकाळी सारेतनं ठरवलं की नाव वाचायचं. पापपुण्याचा विचार तिनं बाजूला ठेवला. भावानं आपलं नाव घेऊन जावं. कागद राहू दे तसेच, सरकारला ते दिसणारही नाही. पण पाचशे माणसांदेखत सारेत मेलाय हे एकदा म्हटलं गेलं, की घरात ओट्याशी उभी असलेली बाई कुणीतरी दुसरी असली पाहिजे. मग आईला तिला कुठल्यातरी नावानं हाक मारावीच लागेल. एकदा पुरे होती.

रविवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. आमचं देऊळ पूर्वी गालिच्यांचं दुकान होतं, त्यामुळे इमारत गळकी असली तरी बसायला मऊ आहे. पितरांना उजेड सोसत नाही म्हणून पिंड खरं तर पहाटे चारला टाकायचे. पण शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली. तेव्हापासून कार्यक्रम सकाळी दहाला होतो आणि पितरांच्या सोयीसाठी खिडक्यांना काळे पडदे लावतात. पितरांनी अजून तक्रार केलेली नाही.

भिक्षू ओळीनं बसले. आचार्य यिन, आमचे विधी सांगणारे गृहस्थ, पांढऱ्या सदऱ्यात माइकपाशी उभे राहिले. मिंग पोव समितीच्या खुर्चीत पंखा हलवत बसली. मिंग पोवला सगळ्या समाजाच्या घरातलं सगळं माहीत असतं. जे नसतं ते ती आधी सांगते आणि मग ते होतं. मेलडी एका खांबाला टेकून फोन धरून उभी होती. देवळाच्या फेसबुक पानावर सगळं थेट दाखवायचं काम तिच्याकडे होतं. आई पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, पांढरा रेशमी ब्लाउज, मांडीवर भाताचं ताट. गुडघे दुखत असूनही तिनं हात जोडले होते आणि ते खाली घेत नव्हती.

सारेत वाचत गेली. एकेका पाकिटातून एकेक घराणं निघे, ते लोक पुढं सरकत, नावं ऐकत, डोळे पुसत, मागं सरकत. आपलं पाकीट आलं तेव्हा तिचा आवाज जसा होता तसाच राहिला. कोंग हुओत, वडील. आजोबा, दोन्ही आज्या, काका, काकू, काकूंची चार मुलं. सतरा नावं झाली. तिनं श्वास घेतला.

"कोंग सारेत," ती म्हणाली. "वय अकरा."

माइकनं ते नाव मागच्या भिंतीपर्यंत नेलं आणि परत आणलं.

मिंग पोवचा पंखा थांबला. गेल्या अकरा वर्षांत तो प्रथमच थांबत होता.

आचार्य यिन वाकून कागदात बघू लागले. "काय वाचलंस?"

"लिहिलंय ते."

"अगं, हे तुझं नाव आहे."

बेचाळीस वर्षं जे वाक्य कुणी तिच्याकडे मागितलं नव्हतं, ते आता समोर येऊन उभं होतं. माइक चालू होता. आईनं जोडलेल्या हातांवरून तिच्याकडे पाहिलं. "नाही," सारेत म्हणाली. "ते माझं नाव नाही. मी सारेत नाही."

मग मिंग पोव किंचाळली, "बघा! गेला प्राण! निघाला पोरीचा प्राण अंगातून!"

"मिंग, माझं ऐका—"

"प्राण गेला की माणूस हेच म्हणतं! माझी नणंद असंच म्हणत होती, मी ही नव्हेच, मी ही नव्हेच. तिसऱ्या दिवशी आटोपली. अहो पाणी आणा, बघताय काय!"

आमच्या समाजाला देवळाच्या दाराचा रंग ठरवायला सहा बैठका लागल्या होत्या. त्या दिवशी एका मिनिटात एकमत झालं. चार बायकांनी सारेतला धरून मऊ गालिच्यावर बसवलं. कुणीतरी घड्याळ काढून घेतलं, कुणी अंबाडा सोडला. एका भिक्षूनं जाईची फुलं टाकलेलं पाणी तिच्या डोक्यावर तांब्यानं ओतलं.

"अहो, मी सांगते ऐका," सारेत पाण्यातून म्हणाली. "सारेत माझा भाऊ. तो छावणीत गेला. मी चान—"

"बोलू देऊ नका तिला," आचार्य यिन गंभीरपणे म्हणाले. "ती बोलत नाहीये. दुसरं कुणीतरी बोलतंय." दुसरा तांब्या आला.

"पण वय अकरा कसं लिहिलं म्हणते मी?" मागून कुणीतरी विचारलं.

"छेमआजींचा हात कापतो आता. जिवंतांची यादी आणि मेलेल्यांची यादी, झाली असेल सरमिसळ."

"विसर पडतो या वयात. माझ्या सासऱ्यांनी मागच्या वर्षी स्वतःचंच नाव दिलं होतं."

"मी बरोबर लिहिलंय," आई खुर्चीवरून स्पष्ट म्हणाली. "तो अकरा वर्षांचा होता. मीच त्याला पुरला."

"हो हो आजी," मिंग पोवनं तिचा खांदा थोपटला. "होता हो. पाणी पिता का?"

प्राण परत बोलवायला आमच्यात रीत आहे. माणसाच्या अंगात एकोणीस प्राण असतात; भ्यायलेले, भरकटलेले प्राण ताट दाखवून, हाका मारून घरी आणायचे असतात. आचार्य यिननी माइक हातात घेतला. आईच्या मांडीवरचं ताट उचलून त्यांनी ते उंच धरलं, आणि लांबलचक सुरात हाक घातली:

"ये सारेत, ये! रानात राहू नको. पाण्यात राहू नको. परक्यांच्या दाराशी उभा राहू नको. भात वाढलाय, मासळी वाढलीय. आईपाशी ये, घरी ये!"

"ये सारेत, ये!" पाचशे माणसं म्हणाली.

"चिखलात पाय रुतले असतील तर काढ. अंधार असेल तर आमच्या आवाजानं ये. पोटभर जेव. आला का?"

"आला! आला!"

सारेतच्या केसांतून पाणी मानेवर उतरत होतं. तिनं मान वळवून आईकडे पाहिलं. आईनं डोळे मिटले होते. ती खुर्चीत जराशी उजवीकडे कलली होती, शेजारच्याला जागा करून द्यावी तशी. आणि तिथं, अकरा वर्षांच्या पोराचं डोकं असावं एवढ्या उंचीवर, तिचा हात हवेत सावकाश फिरत होता. मग तिनं आचार्यांनी खाली आणलेल्या ताटातून एक घास उचलला, खाली वाकली, आणि कुणाच्यातरी तोंडाशी नेला. गडबडीत ते कुणी पाहिलं नाही.

नंतर दोरे झाले. प्राण पुन्हा सुटू नये म्हणून मनगटाला लाल दोरा बांधतात. एरवी घरचे दहा-बारा लोक बांधतात. इथं पाचशे होते आणि कुणालाच शाप नको होता. रांग लागली. जो तो दोरा बांधे, गाठ आवळे, आणि तिच्या डोळ्यांत बघून सांगे, "सारेत, शंभर वर्षं जग." "सारेत, कुठं जाऊ नको." "सारेत, माझं ते मुखत्यारपत्र मंगळवारी घेऊन येते." दोरे मनगटावरून कोपराकडे चढले. हात वाकेनासे झाले. तिसाव्या दोऱ्यापर्यंत ती सांगत होती, मी सारेत नाही. त्यानंतर गाठी जास्तच घट्ट बसायला लागल्या, म्हणून तिनं सोडून दिलं आणि "हो" म्हणू लागली. पहिला "हो" ऐकून मिंग पोव रडली. "आली गं माझी बाई परत," ती म्हणाली आणि पंखा पुन्हा सुरू झाला.

आचार्य यिननी यादीतल्या अठराव्या नावावर बॉलपेननं तीन रेघा मारल्या, त्यावर फुंकर घातली, आणि माइकवरून जाहीर केलं की सारेत जिवंत आहे, झाली चूक दुरुस्त करण्यात आली आहे, आणि समिती कुटुंबाची दिलगिरी व्यक्त करते.

परतताना गाडी सारेतच चालवत होती, कोपर न वाकवता. आई शेजारी बसली होती, मागं मेलडी फोनमध्ये डोकं घालून.

"मम्मी, चार हजार लोकांनी बघितलं! मोडेस्टोहून कुणीतरी लिहिलंय, या देवळावर खटलाच भरला पाहिजे."

"पोटभर जेवला," आई म्हणाली. तिचा चेहरा कधी नव्हे इतका सैल झाला होता. "इतके लोक हाका मारत होते त्याला. नाव घेऊन. तू ऐकलंस ना, पोरी?"

"ऐकलं."

रस्त्यावर दर कोपऱ्याला सिग्नल लाल होता. तिसऱ्या सिग्नलला सारेत म्हणाली, "माक. विमान उतरलं."

आईला कळलं होतं; कळलं की ती पर्सच्या साखळीशी खेळत असे, आणि आता खेळत होती. सारेत थांबली. बेचाळीस वर्षं थांबली होती, आणखी एक सिग्नल काही नाही.

"तू म्हणतेस ते खरंय," आई शेवटी म्हणाली. "मी मेले की कोण करणार, म्हणून आत्ताच सांगते. त्याला सगळ्यांनी जिवंत म्हटलंय. भिक्षूंच्या समोर. आता ते फिरवता येत नाही. पण चिंचेखाली कुणीतरी आहे, पोरी. गोणपाट मी माझ्या हातानं शिवलंय. त्याला कुणाचं तरी नाव लागणार ना?" तिनं साखळी सोडली. "पुढच्या वर्षी चान्थूचं नाव दे यादीत. तिलाही कुणी कधी हाक मारत नाही."

ते नाव गाडीत होतं. आईच्या आवाजात होतं, जसं असायचं तसंच, शेवटाला जरा वर उचललेलं. सारेतच्या तोंडात "ओ" आली, जिभेच्या टोकापर्यंत आली. आणि डावा गाल आपोआप आवळला गेला. तिनं ओ दिली नाही.

"चान्थू कोण?" मेलडीनं मागून विचारलं. एवढं वाक्य तिला कळलं होतं.

आई खिडकीबाहेर बघत होती.

"तुझी मावशी," सारेत म्हणाली. "लहानपणीच गेली."

"ओह गॉड. मला कुणी सांगितलंच नाही! थांब, थांब, लिहू दे." पिशवीत चाचपल्याचा आवाज झाला, पेनचं टोपण उघडलं. "स्पेलिंग सांग."

सारेतनं एकेक अक्षर सावकाश सांगितलं.

"आणि वय?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला.

"आठ," सारेत म्हणाली.